आधी दिवे वाच

तो राउटर दुकानदाराच्या तोंडावर मारायला उद्या तापकीर गल्लीत जाणार आहेस, असं म्हणालास. जाऊ नकोस. आधी खाली बस, मोबाइल पालथा ठेव आणि मी काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐक. मध्ये ‘पण सर’ म्हणायचं नाही. डिप्लोमाची तीन वर्षं तुझं ‘पण सर’ ऐकून घेतलं, आता वय नाही माझं.

तुझी तक्रार मला समजली ती अशी. लांज्याच्या घरी बीएसएनएलची तांब्याची लाइन. कंपनीचा जुना मोडेम पार म्हातारा झालेला, म्हणून तू पदरचे पैसे घालून पुण्याहून चार अँटेनांचा राउटर नेलास. तो चालला नाही. मग दुसरा नेलास, तोही चालला नाही. त्यावर तुझा निकाल काय? लाइन भिकार, लाइनमन कामचुकार, आणि ‘बाहेरचा राउटर हे लोक मुद्दाम चालू देत नाहीत’. मी फोनवर तुला साधे तीन प्रश्न विचारले. डीएसएलचा दिवा स्थिर होता की लुकलुकत होता? राउटरच्या नोंदींत काय लिहून आलं? व्हीपीआय-व्हीसीआय काय भरलंस? तिन्हींना उत्तर एकच : ‘बघितलं नाही सर.’ बघितलं नाहीस, तर लाइन भिकार हे तुला कुणी सांगितलं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

आणि हे ‘मुद्दाम चालू देत नाहीत’ आधी डोक्यातून काढून टाक. एडीएसएल ही कुणा एका कंपनीची खासगी मिरास नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं त्याचं प्रमाण आहे. जी.९९२.१ हे पहिलं, १९९९ सालचं. एडीएसएल टू प्लसचं जी.९९२.५, २००३ सालचं. हे प्रमाण पाळणारा आणि आपल्याकडच्या ॲनेक्स ए या प्रकारातला कुठलाही मोडेम, कुणीही बनवलेला असो, त्या तारेवर चालतो. त्याला योग्य ती माहिती भरून द्यावी लागते, एवढंच. ती माहिती भरणं हे तुझं काम होतं, दुकानदाराचं नव्हे.

पहिल्या राउटरची गोष्ट आधी संपवू, कारण ती ऐकून मला रात्री झोप लागली नाही. त्या डब्याला फोनची तार घ्यायला जागाच नव्हती. त्याला होतं एक निळं वॅन पोर्ट, आठ पिनांचं, आरजे-४५. फोनच्या तारेचं टोक असतं आरजे-११, त्याहून अरुंद. ते अरुंद टोक रुंद भोकात बसतं, म्हणून तू ते बसवलंस! खोक्यावर ‘केबल, फायबर’ असं छापलेलं होतं ते वाचलं नाहीस. तो नुसता वाय-फाय राउटर होता, त्याच्या पोटात मोडेम नव्हताच. फोनच्या तारेवर ४८ व्होल्ट डीसी कायम असतो आणि घंटी वाजते तेव्हा सत्तर-ऐंशी व्होल्टचा एसी चढतो. तसली तार तू नेटवर्क पोर्टात खुपसलीस. शिवाय असं चुकीचं टोक दाबून बसवलं की पोर्टाच्या कडेच्या पिना वाकतात, त्या वेगळ्याच. मोडेम आणि राउटर ही दोन वेगवेगळी कामं आहेत, एका डब्यात असली तरी दोन आहेत, हे मी तुम्हाला फळ्यावर दोन चौकोन काढून शिकवलं होतं. चौकोन वहीत उतरवलेस, डोक्यात उतरले नाहीत.

बरं, मोडेमही लागतो हे दुकानात तुला पटलं आणि तू मोडेम असलेला राउटर घेऊन गेलास. इथवर ठीक. खरा पराक्रम इथून पुढे आहे.

तुला ओएसआयचे सात थर तोंडपाठ होते. परीक्षेत खालून वर, वरून खाली, मधूनच, कसेही विचारले तरी तू लिहायचास. त्या थरांचा उपयोग काय, हा प्रश्न तुला एकदाही पडला नाही का रे? ते पाठांतरासाठी नाहीत. काहीतरी बंद पडतं तेव्हा माणसाने कुठून सुरुवात करायची हे ते सांगतात. सुरुवात तळापासून करायची : तार, मग मोडेमची जुळणी, मग एटीएमचा मार्ग, मग पीपीपीओई, मग आयपीचा पत्ता आणि सगळ्यात शेवटी वाय-फाय. तू काय केलंस? घरात शिरल्याबरोबर वाय-फायला ऐटबाज नाव दिलंस, पासवर्ड ठेवलास, मोबाइलवर पूर्ण रेघा दिसल्या म्हणून खूश झालास, आणि मग पान उघडेना म्हणून डोक्याला हात लावलास. मोबाइलवरच्या रेघा तुझ्या आणि राउटरच्या मधल्या आहेत. राउटर आणि एक्स्चेंज यांच्यात काय चाललंय याचा त्यांच्याशी सुतराम संबंध नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून पहिला धडा पुन्हा, शाळकरी पोराला शिकवावा तसा. मोडेमवर चार दिवे असतात : वीज, डीएसएल, इंटरनेट, वाय-फाय. डीएसएलचा दिवा लुकलुकतोय म्हणजे मोडेम आणि एक्स्चेंजमधलं यंत्र, डीस्लॅम, यांची जुळणी अजून व्हायची आहे. अशा वेळी युझरनेम बदल, पासवर्ड बदल, वाय-फायचं चॅनेल बदल, सगळं व्यर्थ. तारेचं काम आहे, तारेकडे जा. दिवा स्थिर झाला पण इंटरनेटचा दिवा लाल आहे किंवा लागतच नाही, म्हणजे तार ठीक आहे. आता तू भरलेली माहिती चुकते आहे. दोन्ही दिवे नीट आहेत आणि तरी मोबाइलवर काही येत नाही, तर आणि तरच वाय-फायकडे बघ. दिव्यांनी तुला अर्धं निदान फुकट करून दिलं होतं. तू मात्र राउटर कपाटावर ठेवलास, कारण ‘वरून रेंज चांगली मिळते’.

आता तारेचं. फोनवरचं आपलं बोलणं शून्य ते चार किलोहर्ट्झच्या पट्टीत चालतं. एडीएसएल त्याच तारेवर त्याच्या वरच्या पट्टीत चालतं. साधारण २६ किलोहर्ट्झपासून पुढे १३८ पर्यंत घरून एक्स्चेंजकडे, त्याच्यावर एक्स्चेंजकडून घराकडे. एडीएसएल टू प्लसमध्ये ही वरची हद्द २,२०८ किलोहर्ट्झपर्यंत जाते. ही सगळी पट्टी ४.३१२५ किलोहर्ट्झच्या ५१२ कप्प्यांत विभागलेली असते. मोडेम सुरू झाला की तो आणि डीस्लॅम एकेक कप्पा तपासतात. या कप्प्यात गोंगाट किती, इथे किती बिट पाठवता येतील, हा कप्पा फुकट गेला का, ते सगळं ठरवतात. तो डीएसएलचा दिवा लुकलुकतो ना, तेव्हा हे काम चाललेलं असतं. बीएसएनएलने २००५ च्या जानेवारीत ब्रॉडबँड सुरू केलं तेव्हा सरकारी धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट होती. तीच आवाजाची तार वापरून त्याच्या कित्येक पट वेग काढायचा, हे या शे-पाचशे कप्प्यांमुळे जमतं. मला अजूनही ही युक्ती भारी वाटते. तुला ती पाच मार्कांची टीप वाटली.

आणि ही दोन पट्ट्यांची सोबत सुखाने चालावी म्हणून भिंतीवरच्या पेटीनंतर एक छोटी डबी लावायची असते, स्प्लिटर. एका तोंडाने फोन, एका तोंडाने मोडेम. तू ती ‘जुनाट दिसते’ म्हणून काढून टाकलीस आणि तार थेट मोडेमला दिलीस. शिवाय माडीवरचा फोन त्याच तारेतून, स्प्लिटरच्या आधीच फाटा काढून जोडलेला होता, तो तसाच ठेवलास. मग घंटी वाजली की नेट तुटतं आणि बोलायला लागलं की कानात सूं सूं येतं, हा लाइनचा भिकारपणा की तुझा? फाट्यावरच्या प्रत्येक फोनला फिल्टर लागतो, किंवा तो फाटा स्प्लिटरच्या फोनच्या तोंडावरून घ्यावा लागतो. तारेत खरंच दोष आहे का हे बघायलाही उपकरण लागत नाही. मोडेम बंद कर, साधा फोन उचल, एक आकडा दाबून डायल टोन घालव आणि कान देऊन ऐक. खरखर आली तर सांधा गंजलेला आहे, कोकणातल्या पावसात हे होणारच. खरखर नसेल तर लाइनमनला शिव्या देण्याचा अधिकार तुला नाही.

लाइनमनशी बोलायचीही एक भाषा असते. ‘नेट चालत नाही’ हे निदान होत नाही, ते विव्हळणं आहे. राउटरच्या स्टेटसच्या पानावर दोन आकडे लिहिलेले असतात. एक ॲटेन्युएशन, म्हणजे एक्स्चेंजपासून येता येता संकेत किती विरला. तार लांब तर हा मोठा. दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर किती डेसिबलची उसंत उरली. ही ६ च्या खाली गेली की जोडणी तुटायला लागते. हे दोन आकडे कागदावर लिहून दिले असतेस तर तो माणूस सरळ खांबाकडे गेला असता. भर पावसात खांबावर चढतो तो, आणि तू एसीत बसून त्याला कामचुकार म्हणतोस.

पुढचा थर. तुझ्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या राउटरवर डीएसएलचा दिवा ‘बहुतेक’ स्थिर होता. हे ‘बहुतेक’ मला पटत नाही, पण धरून चालू. मग तू क्विक सेटअप उघडलास. त्यात देश विचारला, कंपनी विचारली, यादीत आपली कंपनी सापडली नाही म्हणून ‘अदर’ निवडलंस आणि पुढे जे जे आलं त्याला ‘नेक्स्ट’ करत गेलास. मध्ये व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन रकाने आले, त्यांत आधीपासून काहीतरी आकडे भरलेले होते, ते तसेच ठेवलेस. आठव जरा : एटीएमचा सेल ५३ बाइटांचा, त्यातली ५ बाइटं डोकं आणि ४८ बाइटं माल, हे तू परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतंस. त्या पाच बाइटांच्या डोक्यातच हे दोन आकडे असतात. सेल कुठल्या वाटेने न्यायचा हे त्यांवरून ठरतं. बीएसएनएलसाठी ते ० आणि ३५. मुंबईच्या एमटीएनएलला ० आणि ३२ असायचे. एअरटेलच्या तांब्याच्या लाइनींना १ आणि ३२ असायचे. हे आकडे चुकले की दिवा डौलात स्थिर जळतो आणि पलीकडून शब्दाचंही उत्तर येत नाही. एन्कॅप्सुलेशनमध्ये पीपीपीओई आणि एलएलसी. बस्स, इतकंच भरायचं होतं. तू भरलंस ‘डायनॅमिक आयपी’. का, तर तू बघितलेल्या एका व्हिडिओत एका मुलाने तसं केलं होतं! त्या मुलाकडे केबलवाल्याचं नेट होतं, रे. त्याच्या घरी फोनची तारच नव्हती. दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या कुलपाला लावून कुलूप फोडायला निघालास.

पीपीपीओईच्या नोंदी हा तर मी खास शिकवलेला भाग. आरएफसी २५१६, १९९९. ग्राहक ओरडतो ‘कुणी आहे का’, ते पाडी. पलीकडचा म्हणतो ‘मी आहे’, ते पाडो. ग्राहक म्हणतो ‘मग जोडून घे’, ते पाडर. पलीकडचा सत्राचा क्रमांक देतो, ते पाड्स. त्यानंतर नाव आणि पासवर्ड तपासले जातात. राउटरच्या सिस्टीम लॉगमध्ये हे ओळीने लिहिलेलं असतं. पाडीवर पाडी जातेय आणि पाडो येतच नाही, तर आकडे चुकलेत किंवा एक्स्चेंजकडे गडबड आहे. तिथे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं झिजवू नयेत. पाडो आला, सत्र मिळालं आणि मग नकार आला, तर नाव किंवा पासवर्ड चुकीचा. विंडोजवरून थेट डायल केलं तरी हाच भेद दिसतो : ६७८, नव्या विंडोजात ६५१, म्हणजे पलीकडून उत्तर नाही, ६९१ म्हणजे उत्तर आहे, पण तू कोण हे त्याला पटलेलं नाही. दोन्हींचा इलाज वेगळा. तू दोन्हींना एकच औषध दिलंस, मागच्या भोकात टाचणी खुपसून रीसेट.

आणि इथे मला खरा राग आला. नव्या राउटरवर रीसेट केलंस ते एक वेळ चाललं असतं. पण नवा चालेना म्हणून तू जुन्या मोडेमवरही रीसेट दाबलंस. चालू असलेल्या मोडेमवर! वडिलांचं युझरनेम, पासवर्ड, सगळं त्याच्या पोटात साठवलेलं होतं, ते एका टाचणीने पुसलंस. आता नवा चालत नाही आणि जुनाही चालत नाही. चालू गोष्टीला हात लावण्याआधी तिचं प्रत्येक पान उघडून मोबाइलवर फोटो काढायचा, सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवायची, आणि नवं चालू झाल्याशिवाय जुन्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं. तू त्याच्याखाली बसून डबा खायचास.

युझरनेम गेलं म्हणून तू काय केलंस? पुण्यातल्या मित्राच्या बीएसएनएल कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड घातलास. ६९१ आलं. येणारच! बीएसएनएलने हे नाव त्या-त्या लाइनच्या पोर्टाला बांधून टाकलेलं असतं, दुसऱ्याच्या तारेवर ते चालत नाही, आणि ते तसंच असायला हवं; नाहीतर तुझ्या बिलावर कुणीही उंडारला असता. शिवाय मित्राचं नाव लिहिताना ‘ॲट’च्या चिन्हापुढचा भाग गाळलास. तो शोभेसाठी नसतो, नावाचाच हिस्सा असतो.

आणि वडील तुला सांगत होते ना, की नाव आणि पासवर्ड टेलिफोनच्या डायरीत शेवटच्या पानावर लिहिलेले आहेत? तू काय म्हणालास? ‘बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्ही हात लावू नका.’ अरे, ज्या माणसाने मोडेम बसवायला आलेल्याकडून नाव-पासवर्ड लिहून घेतला, तारीख टाकली आणि इतकी वर्षं डायरी जपून ठेवली, त्याला यातलं जेवढं कळायला हवं तेवढं बरोबर कळत होतं. कळत नव्हतं ते तुला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास आणि घरातल्या एकमेव शहाण्या माणसाला गप्प बसवलंस. परिणाम काय झाला तो ऐक, कारण तू रविवारी रात्रीच्या गाडीने निघून गेलास. आई नागपूरच्या लेकीशी संध्याकाळी बोलते ते बंद. वडिलांना पेन्शनचं पान बघायला तालुक्याच्या सायबर कॅफेत जावं लागतं. हे मला वडिलांनीच सांगितलं, आणि सांगतानाही म्हणाले, ‘पोरगा हुशार आहे, लाइनच जुनी आहे.’

तुला जुना मोडेम टाकायचाच नव्हता आणि वाय-फाय मात्र नवं हवं होतं, तर त्याचीही सरळ वाट होती. जुन्या मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाकायचं. मग तो फक्त तारेची भाषा समजतो, बाकी काही करत नाही. त्याच्या लॅन पोर्टातून केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टात, आणि पीपीपीओईचं नाव-पासवर्ड नव्या राउटरमध्ये. म्हणजे तो पहिला, चार अँटेनांचा राउटरसुद्धा चालला असता! तू ब्रिज न करता दोघांना नुसतं एकमेकांना जोडलंस. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१, दोघेही डीएचसीपीने घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणार. एका घरात दोन कारभारी, दोघांचं नाव एक. गोंधळ होणार नाही तर काय? ब्रिज केल्यावर जुन्या मोडेमचा इंटरनेटचा दिवा विझलेला राहतो, त्यालाही घाबरून रीसेट मारू नकोस. ते काम आता दुसरा करतोय.

एक बारीक गोष्ट जाता जाता, कारण तुझ्यासारखे तिच्यात दोन दिवस घालवतात. इथरनेटच्या चौकटीत माल १,५०० बाइटांचा. पीपीपीओई त्यातली ८ स्वतःला घेतं. म्हणून एमटीयू १,४९२ ठेवायचा. तुझ्या व्हिडिओतल्या गुरूने १,५०० लिहिला होता, तू तोच उतरवलास. असं केलं की काही पानं झटकन उघडतात आणि बँकेचं पान मात्र अर्ध्यावर लटकतं. मग लोक बँकेला शिव्या देतात.

आणि पासवर्डचं काय केलंस? राउटरच्या पानाचा ॲडमिन-ॲडमिन तसाच. वाय-फायचा पासवर्ड घराचा फोन नंबर, जो दाराबाहेरच्या पाटीवर रंगवलेला आहे. शाबास. २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांच्या मोडेमांवर मालवेअरचा हल्ला झाला. कारखान्यातून आलेला पासवर्ड ज्यांनी कधी बदललाच नव्हता त्यांचे मोडेम सापडले, आणि पासवर्ड बदला असं कंपनीला जाहीरपणे सांगावं लागलं. तू तेव्हा माझ्याच वर्गात होतास. मी ते कात्रण वाचून दाखवलं होतं. बाहेरून राउटर उघडण्याची सोय, ते रिमोट मॅनेजमेंट, बंद कर. डब्ल्यूपीएस बंद कर. पासवर्ड लांब ठेव आणि फोन नंबर, लग्नाची तारीख, कुलदैवत यांतलं काही ठेवू नकोस.

तू एकटाच असा नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझ्याच बॅचचा एकजण शिकायला जर्मनीला गेला. जाताना पैसे वाचवायचे म्हणून इथला एडीएसएलचा मोडेम बॅगेत घालून घेऊन गेला. तिथे तो जुळेना म्हणून मला रात्री एक वाजता फोन. आपल्याकडचा मोडेम ॲनेक्स ए चा. जर्मनीत खालच्या पट्ट्या पूर्वीपासून आयएसडीएनला राखून ठेवल्या म्हणून तिथे ॲनेक्स बी. जोडीला बहुतेक ठिकाणी आता व्हीडीएसएल आलेलं. मोडेमच्या खोक्यावर ॲनेक्स ए असं छापलेलं होतं, पण वाचायचं कुणी? बरं, त्या देशात १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे : राउटर कुठला वापरायचा हे ग्राहक ठरवेल, आणि लॉगिनची माहिती कंपनीने न मागता, फुकट द्यायची. त्याने मग योग्य राउटर घेतला, हातात कंपनीचं पत्र, त्यात सगळं छापलेलं. तरी चालेना. कारण डॉइश टेलिकॉमच्या लाइनवर व्हीलॅन ७ भरावा लागतो, आणि युझरनेम हे पत्रातल्या तीन वेगवेगळ्या क्रमांकांना सलग जोडून बनवावं लागतं; यानं पहिलाच क्रमांक भरला होता. कायद्याने हक्क मिळतो. अक्कल कायद्याने येत नाही, ती पत्र वाचून येते.

आता बोलणं पुरे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढ. राउटर परत करू नकोस, त्याच्यात काही खोट नाही. घरी गेल्यावर आधी स्प्लिटर लाव. माडीवरचा फाटा सोड. फोन उचलून तार ऐक. मग नवा मोडेम लाव आणि डीएसएलचा दिवा स्थिर होईपर्यंत कीबोर्डला हात लावायचा नाही, अगदी पाच मिनिटं लागली तरी. दिवा स्थिर झाला की ० आणि ३५, पीपीपीओई, एलएलसी, एमटीयू १,४९२. नाव आणि पासवर्ड वडिलांच्या डायरीतून, त्यांना विचारून, अक्षर न् अक्षर तसंच. तरी ६९१ आलं तर मार्केटिंगच्या माणसाला ट्विट करत बसू नकोस. एक्स्चेंजमध्ये जा, वडिलांच्या नावाचं बिल दाखव, पासवर्ड नव्याने लावून घे आणि पोर्टाचं बंधन तपासायला सांग. लाइनमन आला तर त्याला दोन आकडे दे आणि खुर्ची दे.

पुढेमागे लांज्याला फायबर येईल, ही तांब्याची तार कुणीतरी गुंडाळून नेईल, मग हे शिकून काय उपयोग, असं तुझ्या मनात आलेलं मला इथून दिसतंय. बीएसएनएलच्या फायबरवरही पीपीपीओईच आहे. तिथेही नाव लागतं, पासवर्ड लागतो, व्हीलॅन लागतो, आणि तिथेही दिवे आहेत.

सगळं चालू झालं की वाय-फायचा नवा पासवर्ड आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड त्याच डायरीत वडिलांना स्वतःच्या हाताने लिहू दे. ते पान कसं उघडायचं, दिवे कसे बघायचे, हे त्यांना एकदा करून दाखव आणि एकदा त्यांच्याकडून करून घे. पुढच्या पावसाळ्यात लाइन जाईल तेव्हा घरी ते असतील, तू पुण्यात असशील.